माहेरचे आडनाव, बाळाचे नाव

प्रश्न : सविनय नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते. माझे यजमान तिकडचेच, जॉर्जियात वाढलेले. येत्या दोन महिन्यांत आमच्याकडे पहिले बाळ येणार आहे. मुलगा की मुलगी हे आम्ही विचारून घेतलेले नाही, आणि कोणीही आले तरी नाव एकच ठेवायचे असे आमचे ठरले आहे. ते नाव आहे मेरिट. माझ्या आजेसासूबाईंचे हे माहेरचे आडनाव. त्यांना भाऊ नव्हता, त्यामुळे त्यांचे लग्न झाले आणि त्या घरात हे आडनाव लावणारे कोणी उरले नाही. यजमान लहानपणी त्यांच्याजवळच वाढले. हे नाव ऐकून सासरच्या मंडळींचे डोळे भरून आले. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझ्या नणंदेचा, आणि ती त्यासाठी आतापासून तयारीत आहे.

माझ्या माहेरी मात्र तीन हरकती निघाल्या. आई म्हणते, "अगं, मेरिट म्हणजे दहावीची यादी. जन्मल्या जन्मल्या लेकराच्या गळ्यात अशी पाटी कशाला बांधतेस?" धाकट्या काकूंचे म्हणणे असे की मुलगी झाली तर हे नाव तिला शोभणार नाही, लोक तिला मुलगा समजतील. बाबा फार बोलत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की आडनावाचेच नाव करायचे असेल तर आपल्या आडनावाने काय घोडे मारले? (आमचे आडनाव गावावरून पडलेले, 'कर'ने संपणारे आहे.) आपले मत स्पष्टपणे कळवावे, आणि हे नाव देवनागरीत कसे लिहावे तेही सांगावे.
— एक वाचक, डरहॅम

उत्तर : माझे मत आरंभीच सांगून टाकतो. हे नाव अवश्य ठेवावे. मुलगा झाला तरी ठेवावे आणि मुलगी झाली तर अधिक आनंदाने ठेवावे. कारणे पुढे येतीलच, पण आधी तुमच्या आईंच्या हरकतीकडे नीट पाहायला हवे, कारण तिन्ही हरकतींत तीच सर्वांत वजनदार आहे.

महाराष्ट्रात 'मेरिट' हा शब्द आता परका राहिलेला नाही. तुमच्या आईंच्या पिढीला 'मेरिटमध्ये येणे' म्हटले की वर्तमानपत्रातले छायाचित्र, दारात पेढे घेऊन उभे असलेले आईवडील आणि त्याच वाड्यातल्या इतर मुलांच्या वाट्याला आलेली तुलना, हे सगळे एकदम आठवते. बोर्डाने ती गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली, पण शब्द मागे राहिला, आणि पुढे प्रवेशांच्या व आरक्षणाच्या वादांत त्याला आणखी धार आली. हाच शब्द तोंडावर फेकून कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांच्याच वर्गात परके ठरवले गेले आहे. असा शब्द आपल्या नातवंडाचे नाव म्हणून कानावर पडला तर आजीला धास्ती वाटणारच. सांगलीला सुट्टीत आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी कोणीतरी "मग, कितवा नंबर?" असे विचारील, हेही गृहीत धरा. अमेरिकेतही गुणवत्ता या अर्थाचा शब्द आणि हे आडनाव या दोहोंचा उच्चार एकच आहे. आडनावात 'आर' आणि 'टी' ही अक्षरे दोन-दोनदा येतात, एवढाच काय तो फरक, आणि तो फक्त डोळ्यांना दिसणारा. तिकडे मात्र आडनावे नाव म्हणून ठेवण्याची सवय जुनी असल्यामुळे ऐकणारा ते नाव म्हणूनच ऐकतो.

आईंना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे की या आडनावाचा गुणवत्तेशी मुळात काही संबंध नाही. इंग्लंडच्या नैऋत्य भागात, सॉमरसेट परगण्यात, क्रुकर्न या गावाजवळ मेरियट नावाचे खेडे आहे. विल्यम राजाने १०८६ साली जमिनींची आणि वसुलीची जी मोठी नोंदवही करवून घेतली तिच्यात हे खेडे आहे. त्याच्या नावाची फोड सामान्यतः जुन्या इंग्रजीतल्या दोन शब्दांत केली जाते : एकाचा अर्थ हद्द, दुसऱ्याचा दरवाजा. हद्दीवरचा दरवाजा म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे त्याला वेस म्हणतात. मेरियटहून उठून दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला तिथले लोक मेरियटचा म्हणून ओळखू लागले आणि होता होता त्याचे मेरिट हे आडनाव झाले. वाईहून निघालेला वाईकर आणि साताऱ्याहून निघालेला सातारकर यांची गोष्ट याहून निराळी नाही. इंग्रजीला 'कर' लावण्याची गरज पडली नाही, गावाचे नावच आडनाव होऊन बसले, एवढेच. तुमच्या वडिलांचे आडनाव आणि तुमच्या आजेसासूबाईंचे आडनाव ही एकाच रीतीने जन्मलेली दोन भावंडे आहेत, हे त्यांना जरूर सांगा.

आणि आईंना सीमांतपूजनाची आठवण करून द्या. आज ते कार्यालयाच्या दारात उरकले जाते, पण नावातच सांगितले आहे की ही पूजा सीमेवरची. दुसऱ्या गावाहून आलेल्या वराला आपल्या गावाच्या हद्दीवर सामोरे जाऊन मानाने आत आणायचे. दोन देशांतल्या दोन घरांनी मिळून वाढवायच्या मुलाचे नाव 'वेस' या अर्थाचे असावे, यात मला फार मोठे औचित्य दिसते. नावाचा अर्थ विचारल्यावर मुलाने 'गुणवत्ता' असे उत्तर न देता 'गावाची वेस' असे उत्तर द्यावे, इतकी काळजी घरातल्या मोठ्यांनी घेतली की आईंची निम्मी चिंता मिटेल. उरलेली निम्मी मुलाचा स्वभाव मिटवील.

आता या नावाच्या पाठीमागे जी चाल आहे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझे मत त्या चालीवरच उभे आहे. आडनावाचे नाव करण्याची रीत इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात रुजू लागली. १५५३ साली अवघे नऊ दिवस राणी म्हणवली गेलेली लेडी जेन ग्रे सर्वांना ठाऊक असते. तिच्या पतीचे नाव होते गिल्डफर्ड डडली, आणि गिल्डफर्ड हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव होते. विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने १६०५ साली छापलेल्या पुस्तकात आडनावे नावे म्हणून देण्याच्या या नव्या चालीची दखल घेतलेली आहे. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तिथे, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, चांगली मुरली. आपल्या वाचकांना परिचित असलेली दोन नावे पाहा. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्या आई सारा या माहेरच्या डेलानो. जॉन फिट्झगेराल्ड केनेडी यांच्या आई रोझ या माहेरच्या फिट्झगेराल्ड. ज्या समाजात स्त्रीचे आडनाव लग्नाच्या दिवशी पुसले जात असे, त्या समाजाने ते जपण्याचा एक मार्ग शोधून ठेवला होता : सासरच्या आडनावाच्या आधी, मुलाच्या नावात.

आपल्याकडे असा मार्ग निर्माण झाला नाही. मराठी घरात सासुरवाशिणीचे आडनाव बदलेच, आणि एके काळी तिचे नावसुद्धा बदलत असे. तांदळांच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव घेऊन ती सासरच्या घरात वावरू लागे, आणि जुने नाव माहेरच्या माणसांच्या तोंडी राहिले तर राहिले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय केला, हे मला फार मोलाचे वाटते. बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा तो क्रम आहे. त्यामुळे आईचे नाव कागदावर आले. तिच्या माहेराचे नाव तिथेही येत नाही. म्हणून तुमच्या आजेसासूबाईंचे आडनाव, त्यांच्या घरात भाऊ नसल्याने थांबलेले, तीन पिढ्यांनंतर एका बाळाच्या हाकेत पुन्हा ऐकू येणार आहे, हे वाचून मला तुमच्या सासरच्या मंडळींचे डोळे का भरून आले ते कळले. नुसत्या कानाला बरे वाटते म्हणून आडनाव उचलून नाव करणाऱ्या कोणी माझे मत विचारले असते, तर मी इतक्या आग्रहाने बोललो नसतो.

काकूंच्या हरकतीकडे वळतो. मुलीला आडनावाचे नाव शोभते का, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही जिथे राहता त्या दक्षिणेतच मिळते. हार्पर ली, कार्सन मॅकलर्स आणि फ्लॅनरी ओकॉनर या तिन्ही विख्यात लेखिका अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, आणि हार्पर, कार्सन, फ्लॅनरी ही तिन्ही मुळात आडनावे. कार्सन हे तर लेखिकेच्या आजीच्या बाजूने आलेले. खुद्द मेरिट हे नावही स्त्रिया आणि पुरुष दोघांनी लावलेले आहे. जगातील भाषांची कुळे लावण्याच्या कामात आयुष्य घालवलेले अमेरिकन भाषाभ्यासक मेरिट रूलेन (१९४४–२०२१) हे पुरुष. दूरचित्रवाणीवरील अभिनयासाठी २०१३ आणि २०१८ साली एमी पुरस्कार मिळवणाऱ्या मेरिट वेव्हर या स्त्री. नाव दोन्हीकडे आढळते, आणि दोन्हीकडे विरळ आहे.

एक गोष्ट मात्र इंग्रजी नावांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, आणि ती तुम्हाला माहीत असावी. आडनावावरून आलेली नावे बहुधा आधी मुलग्यांना मिळतात, मग मुलींना मिळू लागतात, आणि मुलींची संख्या वाढली की लोक ती मुलग्यांना देणे सोडून देतात. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ सालच्या 'शर्ली' या कादंबरीतल्या नायिकेला ते नाव मिळते ते अशासाठी की आईवडिलांनी ते घराण्याचे नाव मुलासाठी राखून ठेवलेले असते आणि मुलगी जन्माला येते. त्या काळच्या वाचकाला मुलीचे शर्ली हे नाव चमत्कारिक वाटले असेल. आज शर्ली नावाचा पुरुष भेटला तर आपण थबकतो. ॲशली हे असेच मुळात गावावरून आलेले आडनाव, मग पुरुषाचे नाव. १९९१ आणि १९९२ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींमध्ये तेच पहिल्या क्रमांकावर होते. एव्हलीन या नावाची एक सुंदर हकिकत आहे : इंग्रज कादंबरीकार एव्हलीन वॉ यांनी १९२८ साली ज्या तरुणीशी विवाह केला तिचेही नाव एव्हलीनच होते, आणि मित्रमंडळींना 'तो' आणि 'ती' असे जोडून दोघांचा उल्लेख करावा लागे. नाव मुलींकडे गेले की त्याची किंमत उतरते, अशी समजूत या सरकण्याच्या मुळाशी आहे, आणि ती मला मान्य नाही. मुलगा झाला आणि वीस वर्षांनी मेरिट हे नाव मुलींचे म्हणून ओळखले जाऊ लागले, तर त्याचे काहीही बिघडणार नाही. तरीही तसे होऊ शकते, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक असलेले बरे.

काकूंना हेही सांगा की आपण स्वतः दोन्हीकडे चालणारी नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आलो आहोत. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी यांच्या नावांत एका मात्रेचाही फरक नाही. शशी, मधू, सुमन ही हाकेची नावे घरोघरी स्त्री-पुरुष दोघांचीही असत. मराठीत तर याची अडचणही होत नाही, कारण आपले क्रियापद लगेच खुलासा करते. 'किरण आला' म्हणा किंवा 'किरण आली' म्हणा, ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. इंग्रजीत वाक्यामागून वाक्ये लिहून झाली तरी सर्वनाम येईपर्यंत माणूस पुरुष की स्त्री हे झाकून ठेवता येते, आणि याच सोयीचा आधार घेऊन ब्राँटे भगिनींनी १८४६ साली आपल्या कविता करर, एलिस आणि ॲक्टन बेल या, पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या कोणाच्याही वाटाव्यात अशा नावांनी प्रसिद्ध केल्या होत्या. लेखिकांकडे लोक पूर्वग्रहाने पाहतात हे त्यांना कळून चुकले होते. तुमच्या मुलीला नोकरीसाठी अर्ज करताना अशा आडोशाची गरज पडू नये अशीच माझी इच्छा आहे. पडलीच तर नाव तिच्या बाजूने उभे राहील.

'लोक मुलगा समजतील' ही भीती एका देशात न्यायालयापर्यंत गेली होती, आणि तिथे वादाचा विषय आपल्या ओळखीचे नाव होते. जर्मनीत भारताशी नाते असलेल्या एका कुटुंबाने मुलीचे नाव किरण ठेवले. नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, म्हणून जोडीला दुसरे स्पष्ट नाव द्या, असा आग्रह नोंदणी कार्यालयाने धरला. प्रकरण कार्ल्सरूह येथील घटनात्मक न्यायालयापुढे आले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने कौल दिला : नावावरून लिंग ओळखू आलेच पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही, आणि बाळाच्या हिताला बाधा येत नसेल तर आईवडिलांची निवड मान्य केली पाहिजे. आपल्याकडे शेजारीपाजारी सहज सापडणारे नाव तिथे घटनात्मक प्रश्न झाले, ही गोष्ट काकूंना सांगून पाहा. दोन्हीकडे चालणाऱ्या नावांबाबत आपण किती मोकळे आहोत हे आपल्यालाच अनेकदा ठाऊक नसते.

राहिला तुमच्या वडिलांचा प्रश्न, आणि तो मला मनापासून आवडला. आडनावाने हाक मारणे मराठीला मुळीच अपरिचित नाही. कचेरीत तीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसाचे नाव काय हे न कळताच त्याला 'अहो कुलकर्णी', 'या पाटील' म्हणत लोक निवृत्त होतात. तरीही पाळण्यातल्या बाळाला कोणी कुलकर्णी असे नाव देत नाही, आणि याचे कारण माझ्या मते असे की आपली आडनावे अजून बोलतात. गाव, वतन, हुद्दा, आणि पुष्कळदा जात, हे सगळे ती ऐकणाऱ्याला न विचारता सांगून मोकळी होतात. इंग्रजी आडनाव कित्येक शतकांत मुके झाले आहे. मेरिट ऐकून अमेरिकेत कोणाच्याही मनात सॉमरसेटमधले खेडे येत नाही. मुकी झालेली आडनावे नाव म्हणून निवांत वापरता येतात. 'कर'ने संपणारे आडनाव बाळाचे पहिले नाव केले तर ते प्रत्येक मराठी माणसासमोर आधी तुमच्या घराण्याची माहिती देईल आणि मग बाळाची ओळख होईल.

पण बाबांची इच्छा पुरी करण्याची सोय त्याच चालीत आहे. अमेरिकेत मधले नाव काय ठेवायचे हे आईवडिलांच्या हाती असते. आपल्यासारखे वडिलांचे नाव तिथे आपोआप येऊन बसत नाही. डेलानो आणि फिट्झगेराल्ड जिथे बसले त्या जागी तुमच्या माहेरचे आडनाव बसवा. मग पहिले नाव तुमच्या आजेसासूबाईंच्या माहेराचे, मधले तुमच्या माहेराचे आणि शेवटचे यजमानांचे, असा क्रम लागेल. एका नावात दोन लेकींची माहेरे येतील, आणि तुमच्या घराण्याचे गावही येईल, थेट 'कर' या प्रत्ययासकट. अमेरिकन माणसांना त्याचा उच्चार पहिल्या फटक्यात जमणार नाही, शिकतील. हे मी सल्ला म्हणून लिहितो आहे, पण माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

देवनागरीत 'मेरिट' असेच ऱ्हस्व इकाराने लिहावे. तिकीट, पाकीट, बिस्कीट हे शब्द मराठीत रुळले तेव्हा त्यांनी आपला नियम मानून दीर्घ ईकार घेतला, म्हणून काही जण 'मेरीट' लिहितील, आणि यादीपासून वेगळे दिसावे म्हणून तुम्हालाही तसा मोह होईल. तो टाळावा. हे व्यक्तीचे नाव आहे, मूळ उच्चार ऱ्हस्व आहे, आणि साम्य लपवण्याची धडपड केली की ते अधिकच नजरेत भरते. इंग्रजीतली दुहेरी अक्षरे देवनागरीत आणून जोडाक्षरे करण्याचेही काही कारण नाही. विभक्तीचे प्रत्यय नावाला सरळ लावावेत : मेरिटने, मेरिटला, मेरिटची. 'मेरिट आली' आणि 'मेरिटमध्ये आली' यांतला फरक सांगलीकरांना आपोआप कळेल. घरात हाक मारताना तुमची आई या नावाचे 'मेरू' करील असा माझा अंदाज आहे, आणि तसे झाले तर होऊ द्या. पर्वताचे नाव आहे, जपमाळेतल्या मोठ्या मण्याचे नाव आहे, आणि आजीच्या तोंडून आलेले नाव मुलाला आयुष्यभर पुरते.

प्रश्न : मी वसईची, वय वर्षे सदुसष्ट. माझ्या मुलाला आणि सुनेला गेल्या ३ डिसेंबरला मुलगी झाली. त्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो म्हणून दोघांनी तिचे नाव झेवियर ठेवायचे ठरवले आहे. बाप्तिस्मा अजून व्हायचा आहे. नात्यातले लोक मला सांगतात की हे पुरुषाचे नाव आहे, आणि खरे तर संताचे नाव फ्रान्सिस, झेवियर हे त्यांचे आडनाव. कोणी म्हणते 'झेवियरा' करा. मला मुलाला विरोध करायचा नाही, पण नातीला पुढे त्रास होऊ नये असे वाटते. चर्चला असे नाव चालेल का?
— एक आजी, वसई

उत्तर : आजी, तुमच्या नातलगांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे आणि त्याच निम्म्यात तुमच्या नातीच्या नावाचे सर्वांत चांगले समर्थन दडलेले आहे. झेवियर हे मुळात स्पेनच्या उत्तरेकडील नव्हार प्रांतातल्या एका गढीचे नाव. तिथल्या बास्क भाषेत 'नवे घर' अशा अर्थाच्या शब्दापासून ते घडले. आपल्याकडच्या नवघरे या आडनावाचा अर्थ तोच. संतांचे वडील हुआन दे हासो यांचे घराणे दुसरे होते. झेवियरची गढी त्यांच्या आईच्या, मारिया दे आस्पिलकुएता यांच्या वारशात आलेली होती. ज्या नावाने फ्रान्सिस १५४२ साली गोव्यात उतरले, ज्या नावाच्या शाळा-महाविद्यालये आज मुंबईपासून सगळीकडे आहेत, ते नाव त्यांना आईच्या बाजूने मिळाले होते. वरच्या पत्रातल्या मेरिट या नावाची आणि तुमच्या नातीच्या नावाची वाट अशी एकच आहे : जागेचे नाव, त्यावरून घराण्याचे, आणि आईच्या हातून पुढच्या पिढीला.

पुरुषाचे नाव म्हणाल, तर स्त्रीने ते घेतल्याचे फार थोर उदाहरण आहे. इटलीत १८५० साली जन्मलेल्या मदर कॅब्रिनी यांनी फ्रान्सिस झेवियर यांच्या आदरापोटी झेवियर हे नाव स्वतःच्या नावात घेतले, आणि फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी या नावाने त्या ओळखल्या जातात. अमेरिकेत गेलेल्या गरीब इटालियन कुटुंबांसाठी त्यांनी शाळा, अनाथाश्रम आणि इस्पितळे उभारली. १९४६ साली त्यांना संतपद मिळाले, आणि अमेरिकेच्या नागरिकांमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या. त्यांना नावाच्या शेवटी 'आ' जोडावा लागला नाही, तेव्हा तुमच्या नातीलाही जोडायला नको. 'झेवियरा' हे रूप चुकीचे नाही, पण ते घेण्याचे कारण 'मुलीचे नाव मुलीचेच वाटले पाहिजे' एवढेच असेल तर मुलाने आणि सुनेने ठरवलेले नाव अधिक चांगले आहे.

चर्चविषयी निश्चिंत असा. १९१७ सालच्या धर्मसंहितेत मुलाला ख्रिस्ती नाव असावे आणि आईवडिलांनी ते न दिल्यास धर्मगुरूंनी संताचे नाव जोडावे, असा नियम होता. १९८३ सालच्या, आज लागू असलेल्या संहितेच्या ८५५व्या नियमात नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे इतकीच अपेक्षा आहे. झेवियर हे नाव जुन्या नियमातही बसले असते.

त्रास होईल तो कागदपत्रांवर होईल, आणि त्याची काळजी आताच घ्यावी. झेवियर हे आपल्या भागात कित्येकांचे आडनावही असल्यामुळे शाळेत, बँकेत आणि पारपत्राच्या अर्जात नाव आणि आडनाव यांची उलटापालट होऊ शकते. जन्मदाखला काढताना नावाच्या रकान्यात 'झेवियर' आणि आडनावाच्या रकान्यात तुमच्या घराण्याचे आडनाव स्वतंत्र लिहिले आहे ना, हे मुलाने स्वतः पाहावे. सगळे एकाच ओळीत लिहून देऊ नये. त्यानंतर आधार, शाळेचा दाखला आणि बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र या तिन्हींवर तीच अक्षरे, त्याच क्रमाने उतरवून घ्यावीत. वरच्या उत्तरात सांगितलेला शासनाचा नवा निर्णय तुमच्या नातीला लागू होतो, त्यामुळे दाखल्यात आईचे नावही येईल. सूनबाईंचे नाव त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांत जसे आहे तसेच ते लिहिले जाईल, याकडेही त्यांनी लक्ष ठेवावे.